नेटल ठेवा, पण कुंडीत

नमस्कार ताई,

गेल्या ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला, मागे बाग असलेल्या घरात राहायला आलो. बागेच्या टोकाला शेडमागे, कुंपणालगत, आधीच्या मालकांचा जुना कंपोस्टचा ढीग आहे. मार्चपासून तिथे नेटलचं, म्हणजे हात लागला की आग लावणाऱ्या रानपाल्याचं, रान माजलंय. माझा पाच वर्षांचा मुलगा चेंडू आणायला गेला आणि हातपाय गांधींनी भरून रडत आला. नवऱ्याने त्याच दिवशी तणनाशकाची बाटली आणली. मी ती अजून उघडू दिलेली नाही. कारण माझी डेहराडूनची मैत्रीण घरी आली होती, ती नेटल बघून म्हणाली, "अरे, ये तो हमारी कंडाली है!" पिशवीभर खुडून घेऊन गेली आणि संध्याकाळी भाजी करून आणली. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आले आहेत. सासूबाई म्हणतात, रोज याचा काढा करू, माझं हिमोग्लोबिन कमी आहे आणि यांचं बीपी जास्त. सासऱ्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, ते वॉर्फरिन घेतात. आता सांगा, ठेवू की काढू? ठेवली तर मुलाला इजा न होता कशी लावू? काय करून खायची? काढा चालेल का? आणि सासूबाईंना बी साताऱ्याला न्यायचंय, तिथे येईल का?

– कात्रीत सापडलेली, रेडिंग

---

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी ओघात लिहून गेलात. सासरे वॉर्फरिन घेतात. म्हणून तुमच्या प्रश्नांचा क्रम मोडते आणि काढ्यापासून सुरुवात करते.

सासऱ्यांना काढा देऊ नका. वॉर्फरिन हे व्हिटॅमिन केच्या कामात अडथळा आणून रक्त गोठणं मंद करतं, आणि गडद हिरव्या पालेभाज्यांत, नेटलमध्ये तर भरपूर, हेच व्हिटॅमिन असतं. आजवर बेताने पालेभाजी खाणारा माणूस एकदम रोज वाटीभर नेटल खायला लागला, तर गोळीचा जोर कमी पडतो, आयएनआर (रक्त किती सावकाश गोठतंय हे सांगणारा तपासणीतला आकडा) खाली येतो, आणि व्हॉल्व्ह बदललेल्या माणसाला रक्ताची गुठळी परवडत नाही. तुम्ही म्हणाल, काढ्यात पानं कुठे असतात? बरोबर, व्हिटॅमिन के पाण्यात फारसं उतरत नाही. पण काढ्याची गोष्ट वेगळी. नेटलने लघवी वाढते, रक्तदाबही थोडा उतरू शकतो, आणि ते बीपीच्या गोळीवर आणखी ओझं होतं. म्हातारं माणूस पहाटे उठताना चक्कर येऊन पडलं, तर वॉर्फरिनवर असताना ते पडणं साधं राहत नाही. आठवड्यातून एकदा सगळ्यांबरोबर दोन पळ्या भाजी खायची असेल, तर आधी साताऱ्याच्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि पुढची आयएनआर तपासणी चुकवू नका. पालेभाजी बंद करा असं डॉक्टर सहसा म्हणत नाहीत. आठवड्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

सासूबाईंचं थोडं सोपं आहे. नेटलमध्ये लोह आहे, कॅल्शियम आहे, पालेभाजी म्हणून ती अव्वल आहे. पण वनस्पतीतलं लोह आपलं शरीर हात आखडूनच घेतं. भाजीवर लिंबू पिळलं तर थोडं जास्त घेतं, जेवणावर लगेच चहा प्यायला तर आणखी कमी. त्यांनी भाजी खावी, लिंबू पिळून खावी, चहा तासाभराने घ्यावा. पण हिमोग्लोबिन का कमी झालंय हे शोधायचं काम डॉक्टरांचं, आणि लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच राहतील. युरोपात नेटलच्या पानांचे अर्क सांधेदुखीसाठी आणि मुळांचे अर्क प्रोस्टेटच्या त्रासासाठी विकले जातात. त्या बाटल्यांवरचं वाचून घरी मुळं उकळत बसू नका. घरात कुणी गरोदर असेल तर तिनेही काढ्यापासून लांब राहावं. माझं मत स्पष्ट आहे: नेटल ही भाजी आहे. भाजीसारखी खा, औषधाचं काम तिच्यावर टाकू नका.

आता तुमच्या लेकाकडे येते. पानांवर आणि देठांवर जी बारीक लव दिसते, त्यातला एकेक केस आतून पोकळ असतो आणि त्याचं टोक काचेसारखं ठिसूळ, सिलिकाचं असतं. हात लागला की टोक मोडतं, उरलेली नळी सुईसारखी कातडीत घुसते आणि आतला रस सोडते. त्यात हिस्टामिन असतं, अ‍ॅसिटिलकोलीन असतं, सेरोटोनिन असतं. शाळेत आपण ऐकलेलं फॉर्मिक अ‍ॅसिडही थोडं असतं, पण एवढी आग लावण्याचं श्रेय एकट्या त्याला जात नाही. हिस्टामिनमुळेच अंगावर पित्तासारख्या गांधी उठतात. लागलेली जागा चोळायची नाही, चोळलं की अडकलेले केस आणखी आत जातात. दहा मिनिटं हात न लावता तसंच ठेवायचं, मग साबणाच्या पाण्याने धुवायचं, आणि चिकटपट्टी हलकेच लावून ओढली तर राहिलेले केस निघून येतात. वरून थंड पाण्याची घडी ठेवायची. आग काही तासांत उतरते, झिणझिण्या कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. फारच झालं तर फार्मसिस्टला मुलाचं वय सांगून अँटीहिस्टामिन विचारा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर मात्र थेट 999 ला, इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन. असं क्वचितच होतं, पण माहीत असावं.

इथली मुलं आग झाली की डॉकचं रुंद पान शोधून चोळतात. त्याने उतारा पडतो याला भक्कम पुरावा नाही. पान शोधण्यात मूल रडायचं विसरतं, हा फायदा मात्र खरा आहे.

ठेवायची की काढायची? ठेवा, पण आत्ता जिथे आहे तिथे सगळी नको, आणि जशी आहे तशीही नको. नेटल दोन वाटांनी पसरते. मातीखाली तिच्या पिवळ्या, दोरखंडासारख्या मुळ्या आडव्या धावतात आणि दर सांध्यातून नवा कोंब काढतात. वर उन्हाळ्याच्या शेवटी हजारोंनी बी पडतं. मुळ्या फार खोल नसतात, हे आपलं नशीब. तणनाशकाने ती मरते, पण एकदा मारून भागत नाही, आणि फवारलेल्या जागेची भाजी तुम्ही खाणार नाही. नवऱ्याला सांगा, बाटली दुकानात परत करता येत असेल तर करा. हिरवळीच्या बाजूची नेटल काट्याच्या फावड्याने मुळांसकट उकरून काढायची आणि पुढे तिथे दर आठवड्याला मॉवर फिरवायचा. सतत कापली जाणारी नेटल फार काळ तग धरत नाही. चेंडू जिथवर जातो तिथवरची जमीन मोकळी झाली की निम्मं भांडण मिटतं.

कायद्याची भीती कुणी घातली तर घाबरू नका. 1959 च्या वीड्स अ‍ॅक्टमध्ये पाच तणांची नावं आहेत, नेटल त्यांत नाही. स्वतःच्या जमिनीत ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र मुळ्या कुंपणाखालून शेजाऱ्याच्या गुलाबांत शिरल्या तर कायद्याआधी शेजारधर्म आडवा येतो. कुंपणालगतची फूटभर पट्टी साफच ठेवा.

खाण्यासाठीची नेटल मात्र तुम्ही कुंडीत लावा. यामागे एक कारण आहे, आणि ते मुलाच्या चेंडूपेक्षा मोठं आहे. नेटलला नायट्रोजन आणि फॉस्फेटने माजलेली माती आवडते. ओसाड पडलेल्या वस्त्यांच्या जागी शेकडो वर्षांनीही ती उगवते, कारण माणसांच्या आणि गुरांच्या घाणीतलं फॉस्फेट मातीत टिकून राहतं. तुमच्या कोपऱ्यात ती कंपोस्टमुळे माजली असेल तर छानच. पण जुन्या इंग्लिश घरांच्या मागच्या कोपऱ्यांत कोळशाची राख टाकलेली असते, रंग दिलेली लाकडं जाळलेली असतात, आणि जुन्या रंगांत शिसं असे. नेटल अशा मातीतले जड धातू पानांत ओढू शकते. आधीच्या मालकांनी तिथे काय काय टाकलं हे तुम्हाला ठाऊक नाही. मैत्रिणीने खुडलेल्या एका पिशवीने काही बिघडणार नाही. रोजच्या खाण्याची भाजी मात्र ओळखीच्या मातीत असावी.

कुंडी मोठी घ्या, तोंडाला निदान 40 ते 45 सेंटिमीटर. त्यात पीट (दलदलीतून उकरलेली कुजट माती) नसलेलं चांगलं कंपोस्ट भरा. एखादा मोठा प्लास्टिकचा टबही चालतो, फक्त तळाला भोकं पाडून घ्या. बोटाएवढ्या जाडीची सोडा, पेन्सिलीएवढी पिवळी मुळी पुरते. कोंब असलेले वीतभर लांबीचे चार-पाच तुकडे कापून घ्या, आडवे ठेवा आणि वरून दोन बोटं माती लोटा. पाणी घाला. यासाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम, पण एप्रिलमध्येही जमतं. फक्त माती सुकू देऊ नका. बी पेरायचं असेल तर ते मातीवर नुसतं टेकवायचं, गाडायचं नाही, कारण ते उजेडात रुजतं. पण दारात एवढ्या मुळ्या असताना बियांच्या पाकिटाला पैसे कशाला?

कुंडी मातीवर ठेवू नका. भोकांतून मुळ्या खाली उतरल्या की तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. ती फरशीवर, शेडच्या मागच्या भिंतीशी, मुलाच्या रोजच्या वाटेपासून दूर ठेवा. अर्धा दिवस ऊन मिळालं तरी पुरे. पहिल्या वर्षी हात राखून खुडा. दुसऱ्या वर्षी मुळ्यांनी कुंडी भरेल, तेव्हा वसंताच्या सुरुवातीला ढेप बाहेर काढून अर्धी टाकून द्यायची आणि अर्धी नव्या कंपोस्टमध्ये लावायची. काढलेल्या मुळ्या कंपोस्टच्या ढिगात नकोत, कौन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्यात टाका. पाला मात्र कंपोस्टमध्ये खुशाल घाला, ढीग लवकर तापतो.

मुलाला नेटल कशी दिसते ते हातमोजे घालून दाखवा. समोरासमोर जोडीने येणारी पानं, करवतीसारख्या कडा, उन्हात धरलं की दिसणारी लव. पाच वर्षांचं मूल हे एकदा शिकलं की विसरत नाही, तुमचा मुलगा तर आधीच अर्धा शिकलाय.

ओळखीबद्दल तुम्हालाही थोडं सांगते. मार्च-एप्रिलमध्ये डेड-नेटल नावाचं वेगळ्याच कुळातलं झाड हुबेहूब अशीच पानं घेऊन उगवतं. त्याला पांढरी किंवा जांभळट ओठांची फुलं येतात आणि ते चावत नाही. ते बिनविषारी आहे. पण कुंपणाच्या सावलीत डॉग्ज मर्क्युरी नावाचं झाडही असतं. त्याची पानंही जोडीने येतात, कडांना दातेही असतात, तेही चावत नाही, आणि ते विषारी आहे. म्हणून नियम उलटा लक्षात ठेवा: चावते तीच खायची, चावत नाही ती सोडायची. फिरायला जाता त्या वाटेवरची नेटल खुडू नका, तिथे कुत्र्यांचा वावर असतो, आणि रस्त्याच्या कडेची तर नकोच.

आणि खुडायची कधी? फुलं येण्याआधी. देठाच्या बगलेतून हिरवट माळा लोंबायला लागल्या की तिचा खाण्याचा हंगाम संपला. त्यानंतर पानांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे साठतात, पान दाताखाली कचकचतं आणि मूत्रमार्गाला त्रास देऊ शकतं. इंग्लंडच्या दक्षिणेत मार्चपासून साधारण मे अखेरपर्यंतचा काळ भाजीचा. जूनमध्ये सगळी कुंडी जमिनीसपाट कापली, पाणी आणि थोडं खत दिलं की कोवळे शेंडे पुन्हा फुटतात आणि सप्टेंबरपर्यंत आणखी एक-दोन भाज्या निघतात. कापत राहिलं की बीही पडत नाही.

भांडी घासायचे रबरी मोजे घाला, कात्रीने वरची चार ते सहा पानं कापा, थेट पिशवीत टाका. जाड देठ नको. पालकासारखीच ही भाजीही शिजल्यावर फसवते. चार लिटरचं पातेलं गच्च भरून शेंडे आणले तर चौघांना एकवेळ जेमतेम पुरतात. सिंकमध्ये पाणी भरून चिमट्याने ढवळून दोनदा धुवा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळलं की चिमट्यानेच सगळी पानं आत ढकला. दोन मिनिटांत लव निकामी होते आणि मग हाताने पिळली तरी चालते. सासूबाईंना अळू आणि सुरणाची सवय असेल, त्या लगेच चिंच मागतील. चिंच लागत नाही. अळूची खाज सुयांसारख्या स्फटिकांची असते, त्याला आंबट लागतं आणि भरपूर शिजवावं लागतं. नेटलची आग केसांतली, ती उकळत्या पाण्यापुढे टिकत नाही. उकळलेलं पाणी ओतून देऊ नका, ते वरणात घाला. फक्त सासऱ्यांच्या वरणात नको, तोही काढाच झाला.

चवीला ती पालकापेक्षा दाट, किंचित गोडसर, थोडीशी मातकट आणि काकडीच्या सालीच्या वळणावर जाणारी लागते. म्हणून मला ती ताकातल्या पातळ भाजीत सगळ्यात आवडते. मूठभर चण्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन तास भिजवून कुकरला लावायचे. पिळलेली नेटल बारीक चिरायची. दोन वाट्या आंबट ताकात दोन चमचे बेसन गुठळी न ठेवता कालवायचं. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, ठेचलेला लसूण भरपूर, सुक्या मिरच्या, हळद. त्यात डाळ-दाणे, मग नेटल, मग ताक. ताक घातल्यावर आच मंद ठेवून ढवळत राहायचं, नाहीतर फाटतं. शेवटी मीठ आणि चिमूटभर गूळ. वरून पुन्हा लसणाची चरचरीत फोडणी घातली, तर पालकाची की अळूची असा पाहुण्यांना प्रश्न पडतो. पाटवड्यांसारखी तिची वडी मात्र करायला जाऊ नका. पान लहान असतं, आणि कच्चं पान हातात घेऊन बेसन लावणं हा शौर्याचा प्रकार झाला, स्वयंपाकाचा नाही.

थालीपिठात घाला, मुटकुळ्यांत घाला, डाळीत घाला. आधी उकळून पिळून घ्यायची, एवढी एकच अट. कच्ची पानं मिक्सरमधून काढून चटणी करणारेही आहेत, कारण वाटल्यावर केस मोडतात. पण लहान मूल जेवत असलेल्या घरात मी तो प्रयोग सुचवणार नाही. एप्रिलमध्ये भरपूर निघाली तर उकळून, पिळून, मुठीएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. वाळवायची असेल तर मुळांकडून बांधून उलट्या जुड्या हवेशीर सावलीत टांगा. कुरकुरीत वाळल्यावर ती चावत नाही, तरी पानं चुरताना मोजे घाला.

तुमच्या मैत्रिणीची कंडाली नेमकी कशी होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण गढवालमध्ये ती बहुधा मऊसर शिजवून, घोटून, तांदळाच्या पिठाची पेज लावून दाट करतात आणि भाताबरोबर किंवा झंगोऱ्याबरोबर, म्हणजे आपल्या वरीच्या बहिणीबरोबर, खातात. फोडणी तुपात आणि जख्याची. जख्या म्हणजे आपल्याकडे शेतात तण म्हणून उगवणाऱ्या पिवळ्या तिळवणीचं बी. कुमाऊंमध्ये हीच भाजी सिसूण होते. थंडीत पहाडी लोक ती अंगात ऊब राहावी म्हणून खातात. तिबेटातल्या मिलारेपा या संताची तर गोष्टच आहे की गुहेत वर्षानुवर्षं नेटलचं पाणचट कालवण पिऊन त्याची कातडी हिरवी झाली. तुमच्या नवऱ्याला यातलं काहीच पटलं नाही, तर चीजच्या दुकानात घेऊन जा. कॉर्नवॉलचं यार्ग चीज नेटलच्या पानांत गुंडाळून पिकवतात आणि त्याला चांगला भाव येतो. डॉर्सेटमध्ये दोन फुटी देठांवरची कच्ची पानं कोण जास्त खातो याची स्पर्धाही भरते. ती दाखवू नका, त्यांना वेगळ्या कल्पना सुचतील.

बागेसाठी तिचा आणखी एक उपयोग आहे आणि तो वासाचा आहे. फुलं येण्याआधीचा किलोभर पाला चिरून झाकणाच्या बादलीत दहा लिटर पावसाच्या पाण्यात बुडवायचा, वर वीट ठेवायची, दोन-तीन दिवसांनी ढवळायचं. दोन-तीन आठवड्यांत बुडबुडे थांबले की गाळून घ्यायचं आणि एक भाग द्रावणाला दहा भाग पाणी घालून मुळाशी द्यायचं. साताऱ्यात शेतावर जीवामृत केलेलं असेल तर सासऱ्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही, वासासकट. यात नायट्रोजन जास्त, म्हणून मेथी, कोथिंबीर, कोबी यांना ते मानवतं. टोमॅटोला फुलं येईपर्यंतच द्या. पुढे नायट्रोजनने पाला माजतो आणि फळ रुसतं. बादली शेजाऱ्यांच्या खिडकीखाली ठेवू नका, आणि बार्बेक्यूच्या आदल्या दिवशी झाकण उघडू नका.

फुलपाखरांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शेडमागचा उरलेला तुकडा त्यांच्यासाठी ठेवा असं मी सुचवणार आहे. पीकॉक आणि स्मॉल टॉर्टॉइजशेल या इथल्या दोन देखण्या फुलपाखरांच्या अळ्या नेटलवर वाढतात. रेड अ‍ॅडमिरलही तिच्यावर अंडी घालतं. एका कुंडीने त्यांचं भागत नाही, त्यांना उन्हातला बऱ्यापैकी मोठा ताटवा लागतो. तुमचा कोपरा सावलीत असेल तर फार आशा धरू नका. उन्हात असेल तर कापायच्या आधी पानं उलटून बघा. मे-जूनमध्ये काळ्या, काटेरी अळ्यांचे जाळ्यात गुंडाळलेले झुबके दिसले तर तेवढी देठं राहू द्या. जूनच्या मध्याला अर्धाच ताटवा कापला तर दुसऱ्या पिढीला कोवळी पानं मिळतात. अळ्यांना हात लावायची घाई मुलाला होईल. लांबून भिंग द्या.

आणि साताऱ्याला बी? नको. परदेशातून भारतात बी आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि वनस्पतीचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पर्समधल्या पुडीला दोन्ही नसतात. शिवाय ही थंड, ओलसर हवेची वनस्पती आहे. हिमालयात ती सुखाने राहते, पण साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये तिला जगवायला सासूबाईंना रोज दोनदा पाणी घालावं लागेल, आणि एवढं करून उगवेल काय, तर चावरा पालक. घाटावर ट्रेकला गेल्यावर तिच्या नात्यातलं, याहून जबर आग लावणारं रानझाड दिसतं. ते बघून "ही तीच" म्हणत खुडायला जाऊ नका म्हणावं. आणि खाजकुइलीची शेंग हे तर वेगळंच प्रकरण, ती शेंगावर्गातली वेल, नेटलशी तिचा काही संबंध नाही. साताऱ्यात हिमोग्लोबिनसाठी शेवग्याचा पाला, राजगिरा, चाकवत, माठ हे सगळं आठवडी बाजारात ढिगाने मिळतं, मोजे न घालता.

तुमच्याकडे आत्ता फुलं यायला थोडे आठवडे आहेत. तेव्हा पहिली कात्री कुंडीसाठीच्या मुळ्यांवर आणि हिरवळीकडच्या बाजूवर चालवा, खाण्याचं नंतर. सासऱ्यांच्या डॉक्टरांचा फोन मात्र आजच करा.